मदत हवी आहे: इम्प्लांटभोवतीचं हाड झिजलंय, वाचवायचं की काढायचं?

आईच्या खालच्या दाढेच्या जागी सहा वर्षांपूर्वी इम्प्लांट (हाडात घट्ट केलेला स्क्रू आणि त्यावर दातासारखी कॅप) बसवलं. कधी दुखलं नाही म्हणून तपासणीला कुणी गेलंच नाही, ही चूक आमचीच. गेल्या महिन्यात ब्रश करताना रक्त यायला लागलं. मी टॉर्च धरून हिरडी बोटाने हलकेच दाबली, तर कॅपच्या कडेने पिवळट पू आला. वेदना अजिबात नाहीत, इम्प्लांट हलतही नाही.

डॉक्टरांनी प्रोबने (बारीक मोजकाडीने) हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजली: गालाच्या बाजूला 7 मिमी, जिभेच्या बाजूला 6. एक्स-रेमध्ये स्क्रूचे वरचे चार आटे उघडे आणि भोवती बशीसारखा खळगा. कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे शोधून शेजारी धरला; त्यात हाड पार वरपर्यंत आहे. पोटात गोळाच आला. निदान पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे जंतूंमुळे इम्प्लांटभोवती सूज येऊन हाड झिजणं.

एक डॉक्टर म्हणतात, आधी खोल सफाई, नाहीच भागलं तर हिरडी उघडून बोन ग्राफ्ट, म्हणजे खळग्यात हाडाची भर. दुसरे म्हणतात, काढूनच टाका. आईला मधुमेह आहे, आणि मूळची दाढ पायोरियानेच गेली होती. ती विचारते, अँटिबायोटिकने नाही का बरं होणार? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. काढायची घाई करावीशी वाटत नाही, पण उशीर झाला तर?

प्रतिसाद:
मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे. तोंड न पाहता निर्णय देणार नाही, पण हे सांगते. हलत नाही यावर निर्धास्त राहू नका. तळाशी थोडं हाड उरलं तरी इम्प्लांट घट्ट राहतं, आणि एकदा हललं की काढावंच लागतं. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, कारण जंतूंचा थर आट्यांच्या खोबणीत चिकटून बसलेला असतो, तो खरवडूनच काढावा लागतो. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोन्टोलॉजीच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनाही सफाईसोबत सरसकट अँटिबायोटिक देऊ नये असंच सांगतात.

आधी सफाई, मग 6 ते 12 आठवड्यांनी पुन्हा मोजणी. खोली 5 मिमी किंवा कमी, पू नाही, रक्त फार तर एका जागी, असं असेल तर शस्त्रक्रिया लागत नाही. नियमित सफाई मात्र कायमची. नाहीतर हिरडी उघडायची. खळग्याला सगळीकडून हाडाची भिंत असेल तर ग्राफ्टला आधार मिळतो. गालाकडची भिंतच गेली असेल तर अवघड. शुगर मात्र आजपासून आटोक्यात आणा. आणि कॅप स्क्रूने बसवलेली की सिमेंटने चिकटवलेली, हे विचारा. स्क्रूची असेल तर काढून नीट साफ करता येते. सिमेंटची असेल तर हिरडीखाली राहून गेलेलं सिमेंटही याचं कारण असू शकतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आत्ताच टॉर्च घेऊन पाहिलं. कॅपच्या मधोमध फिलिंगचा गोल पांढरा ठिपका आहे. ते स्क्रूचंच भोक असावं ना? सोमवारी सफाईची वेळ घेतलीय, जाताना जुना एक्स-रेही नेतो.