मदत हवी आहे: जुन्या पिकअपची बॅटरी उभ्या उभ्या उतरते, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतात

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितोय. बाबांची 2004 ची डिझेल पिकअप आहे, मेकॅनिकल पंपाची, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) वगैरे काही नाही. पहाटे मालीम जेटीवरून मासळी उचलायची आणि डिचोली-साखळीच्या बाजारात पोचवायची हेच तिचं काम. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी घराकडे उभी होती, ऑगस्टमध्ये परत लाइनवर काढली आणि तेव्हापासून लायटीचा नुसता गोंधळ चाललाय.

हेडलाइट चालू असताना ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात आणि टेललॅम्प उलट डिम होतो. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा आपसूक वर, बंद केला की खाली, इंजिन खरं तर तापलेलं नसतंच, कूलंट पण बरोबर आहे. आणि खरी डोकेदुखी म्हणजे शनिवार दुपारपासून गाडी उभी राहिली की सोमवारी पहाटे सेल्फ नुसता टकटक करतो. त्या वेळी धक्का मारायला माणसं कुठून आणायची, आणि मासळी उशिरा बाजारात पोचली की भाव पडतो तो वेगळाच.

इलेक्ट्रिशियन म्हणतो अख्खं वायरिंग सडलंय, नवीन हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) घाला. आता चवथीच्या तोंडावर बाबांना एवढा खर्च झेपणारा नाही आणि मला ते पटतही नाहीय, कारण मध्ये दोन ठिकाणी वायर सोलून बघितली तर आत तांबं छान लाल आहे, हिरवं पडलंय ते फक्त टोकांना.

मीटरची रीडिंग देतो. बॅटरी 80 एएच (अँपिअर-अवर), लोड टेस्टला पास, फुल चार्जला 12.6 व्होल्ट. इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावला की बॅटरीवर 13.2. तशाच स्थितीत बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक 0.03 व्होल्ट, पण निगेटिव्ह ते चासी (गाडीचा सांगाडा) 0.9, आणि मागे टेललॅम्पच्या होल्डरपर्यंत 1.9! सगळं बंद करून, चावी काढून, निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर लावला (10 अँपिअरच्या सॉकेटवर) तर 1.2 अँपिअर जातोय. एकेक करून सगळे फ्यूज काढले, आकडा हलला नाही.

हौद्यातून बर्फाचं खारट पाणी सतत चासीवर गळतं त्यामुळे अर्थिंग (चासीतून निगेटिव्हकडे परतायची वाट) गेलंय हे मला दिसतंय. पण बॅटरी पण त्यामुळेच उतरते का? की हे दोन वेगळे फॉल्ट?

प्रतिसाद (पेडणेहून):
भाऊ, दोन वेगळे. रीडिंग एवढी नीट दिलीस म्हणून इथूनच सांगता येतंय. खराब अर्थ म्हणजे करंटच्या वाटेत अडथळा, त्याने बॅटरी उतरत नाही. ब्रेकच्या बल्बचा करंट चासीत जायला वाट मिळाली नाही की तो इंडिकेटरच्या बल्बमधून परत फिरतो, म्हणून ते पेटतात. तुझी बॅटरीची निगेटिव्ह इंजिनला चांगली लागलेली आहे पण इंजिन ते चासी जोडणारी अर्थची पट्टी गेलीय, काटा पण त्यानेच चढतो. पट्टीच्या जागी जाड केबल टाक, दोन्हीकडे रंग-गंज घासून चकचकीत धातू काढ, केबलच्या टोकाला नवीन लग (बोल्टात बसणारी रिंग) दाबून बसव, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. ग्रीस आधी लावून मग आवळू नको. टेललॅम्पला मागच्या गंजक्या पत्र्यावर अर्थ देऊ नको, पुढून वेगळी वायर ओढ.

आता 1.2 अँपिअर. दीड दिवसात 43 अँपिअर-अवर गेले, म्हणजे अर्ध्याहून जास्त बॅटरी, सेल्फ कसा उचलणार? फ्यूज काढून फरक नाही म्हणजे फ्यूजला वळसा घालून जाणारी लाइन बघायची, आणि त्यात पहिला संशय आल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) डायोडवर; डायोड करंट एकाच दिशेने सोडतो, तो गेला की बॅटरीचा करंट उलटा आत गळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारायच्या आधी आल्टरनेटरला हात लावून बघ, कोमट लागला तर चोर तोच. मग बॅटरी सोडव, आल्टरनेटरची जाड वायर काढून टोकाला टेप गुंडाळ, बॅटरी परत जोडून मीटर बघ. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नको. हार्नेसला अजिबात हात लावू नको.

धागाकर्ता:
दादा, खूप खूप आभार! आल्टरनेटर सकाळी खरंच कोमट होता, बाबांनी स्वतः हात लावून बघितला. जाड वायर काढल्यावर 1.2 चा थेट 0.02. इंजिन-चासी केबल पण टाकली, हेडलाइट लावून निगेटिव्ह ते चासी आता 0.04 आणि काटा जागचा हलत नाही. मागची अर्थ वायर आज ओढतो. डायोड प्लेट मिळेपर्यंत शनिवारी गाडी लावली की निगेटिव्ह काढून ठेवायचं ठरलंय. आता एवढंच सांगा, अख्खा आल्टरनेटर न बदलता नुसती डायोड प्लेट घालून देणारं कोणी म्हापसा-फोंडा बाजूला आहे का? आणि प्लेट बदलताना बेअरिंग, कार्बन (ब्रश) पण आत्ताच बदलून घ्यावेत का?