फोटो प्रिंट '100 वर्षं टिकेल' म्हणतात, किती खरं मानायचं?

लोकमान्यनगरकर
मंडळी, आजी-आजोबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो स्कॅन केलाय, मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. एका दुकानात कागदाच्या पाकिटावर 100 वर्षं छापलंय, दुसरा म्हणतो आमचा 200 वर्षं टिकतो, पण पैसे दुप्पट. भिंतीवर दुपारनंतर ऊन येतं आणि इंदूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. आकडा बघून ठरवू का?

रंगशाई
नुसत्या आकड्यावर नका जाऊ, दादा. 100 वर्षं थांबून कुणी बघितलेलं नसतं, प्रिंट काही महिने प्रचंड उजेडात ठेवतात, किती फिकट पडलं ते मोजतात आणि मग घरातला उजेड अमुक धरून हिशोब लावतात. खरी गोम त्या 'अमुक'मध्ये. प्रिंट किती टिकतात ते तपासणारी अमेरिकेतली विल्हेल्म इमेजिंग रिसर्च रोज 12 तास 450 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) धरते, कोडॅकने 120 धरला होता. म्हणजे प्रिंट तोच, पण एका हिशोबाने 25 वर्षं आणि दुसऱ्याने 90च्या वर! थेट ऊन आलं तर लक्स हजारोंत जातो, तिथे दोन्ही आकडे बाद. आणि 200 हा बहुतेक बंद अल्बमचा आकडा असणार, विचारून घ्या.

जुनी_इंदूर
सरळ सांगा ना, कंपन्या फसवतात.

रंगशाई
तसं नाही हो, कशाची टेस्ट केली ते बघायचं. 2000 साली एप्सनच्या स्टायलस फोटो 870 आणि 1270 प्रिंटरचे प्रिंट 10 वर्षं टिकतील असं सांगितलं होतं, पण काही लोकांकडे थोड्याच दिवसांत ते नारिंगी पडले. उजेडाने नाही, हवेतल्या ओझोनने, कारण लगेच सुकणाऱ्या कागदाला बारीक छिद्रं असतात आणि हवा थेट शाईपर्यंत पोचते. म्हणून काचेची फ्रेम हवीच.

बडोद्याची_मावशी
अरे, दुकानदाराला विचार शाई डाय (विरघळलेला रंग) आहे की पिगमेंट (रंगाचे बारीक कण), पिगमेंट जास्त टिकते. आणि शाई कंपनीचीच ना? कागद चांगला पण शाई बाहेरची भरलेली असली तर पाकिटावरचा आकडा लागूच होत नाही. दोन्ही दुकानांतून छोटे प्रिंट काढ, अर्ध्यावर जाड पुठ्ठा लाव आणि उन्हाच्या खिडकीत ठेवून दे, पावसाळ्याआधी फरक दिसेल. मूळ फोटो मात्र भिंतीवर लावू नकोस, कोरड्या कपाटातच राहू दे.

लोकमान्यनगरकर
मावशी, उद्याच दोन्हीकडून काढून आणतो. आणि भिंत बदलतो, देवघराबाहेरच्या भिंतीवर ऊन येत नाही.