मदत हवी आहे: नील बेटावर पाच रात्री, पहिल्याच दिवशी पोचायचं कसं?

रंकाळा_कट्टा: जानेवारीत अंदमानला नील बेटावर जातोय. हिंडायचं नाही, नुसतं समुद्राकाठी निवांत पडायचंय. पाचही रात्री नीललाच. विमान पोर्ट ब्लेअरला दुपारी २.१० ला उतरतं. त्याच दिवशी पुढची बोट कुठली धरायची? हॉटेलवाला संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स मागतोय, लवकर सांगा.

उजळाईवाडी: तारीख कुठली? माणसं किती? परतीचं विमान किती वाजता? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

देवबाग_प्रेमी: एवढ्या लांब कशाला? गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरला की मालवण. देवबागला एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. ना विमान, ना बोट.

उजळाईवाडी: भावा, त्यांनी बेट विचारलंय.

फिरस्ता_शाहूपुरी: लक्षद्वीप बघा की. पाणी त्याहून निवळ.

उजळाईवाडी: लक्षद्वीपला आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. नीलला भारतीयांना परवाना लागत नाही. यांची तिकिटं काढून झाल्यात, आता बेट बदलायला सांगू नका.

रंकाळा_कट्टा: चौघं आहोत. २२ जानेवारीला पोचतो, २७ ला सकाळी ९.४० चं परतीचं विमान. बोटीचं सांगा ना.

जेट्टी_२: २.१० ला उतरून त्या दिवशीची बोट धरायचा नाद सोडा. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत तीन वाजतात, आणि बोटीवर चढायला निदान तासभर आधी जेट्टीवर लागतं. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला काढा (आता नाव श्री विजय पुरम, तिकिटावर दोन्ही दिसतील). दुसऱ्या दिवशी सकाळची बोट घ्या, समुद्र सकाळी बहुधा शांत असतो. खासगी बोटी हॅडोहून सुटतात, सरकारी फिनिक्स बेहून. रिक्षावाल्याला नुसतं ‘जेट्टी’ म्हणालात तर चुकीच्या ठिकाणी पोचाल. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हातात ठेवा.

आता खरी अडचण परतीची. २७ ला सकाळी नीलहून निघून ९.४० चं विमान मिळणार नाही. २६ लाच परत या. वारा वाढला की बोटी रद्द होतात, तेव्हा २६ ची सुद्धा दुपारची न घेता सकाळची घ्या. म्हणजे नीलला तीन रात्री, पाच नाही. ॲडव्हान्स तेवढाच द्या.

इतिहास_वाचक: पोर्ट ब्लेअरला थांबताय तर सेल्युलर जेल बघाच. सात विंगांपैकी तीनच उरल्यात. सावरकर तिथं १९११ ते १९२१ होते.

रंकाळा_कट्टा: आम्हाला हिंडणं नकोय. आई बरोबर आहे, ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. आणि भावाला स्कूबा करायचंय, शेवटच्या दिवशी.

जेट्टी_२: अहो, हे आधी सांगायचं. मग हॉटेल भरतपूर किनाऱ्याजवळ घ्या, जेट्टीपासून जवळ पडतं. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल आईंना नको. तिथं ओहोटीलाच जाता येतं, आणि वाट शेवाळी खडकांची आहे. त्यांना लक्ष्मणपूरच्या वाळूवर सूर्यास्ताला न्या. मात्र साडेचारलाच निघा, तिथं जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो.

भरतपूरला पोहणं भरतीलाच. ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं आणि पाय कापतात, रबरी तळाचे बूट घाला. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, म्हणून पहिल्या दिवशीची वेळ रोज धरून बसू नका.

उजळाईवाडी: स्कूबा २५ पर्यंत उरकायला सांगा. डायव्हिंगनंतर निदान १८ तास विमानात बसू नये. रक्तात विरलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो. दमा किंवा कानाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

देवबाग_प्रेमी: आईंचे गुडघे दुखतात म्हणजे बोटीत चढउतर आलीच. म्हणून म्हणतोय, देवबाग.

जेट्टी_२: चढायला फळी असते, खलाशी हात देतात. आईंना मळमळत असेल तर बोटीच्या मधल्या, खालच्या जागा मागा, डुलणं तिथं सर्वांत कमी.

रंकाळा_कट्टा: हॉटेलवाल्याला २३, २४, २५ या तीनच रात्री कळवल्या. २२ आणि २६ ला हॅडोच्या जवळ लिफ्ट असलेलं हॉटेल कुणाला माहीत आहे का?