लिनक्स मिंट टाकलं, पण लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जातो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

काकांचा आंब्याच्या धंद्यातला जुना लॅपटॉप आहे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ११ ह्या प्रोसेसरवर चढत नाही, म्हणून नवी एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह) टाकलं. विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर तसंच आहे, कारण पेट्यांचा हिशेब आणि दलालांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) सगळ्या तिथेच. काकांचं पालुपद सुरू झालंय, "तुझो तो पेंग्विन काढ आणि माझो हिशोब दाखव."

इन्स्टॉल शेवटपर्यंत विनातक्रार झालं. पण ग्रबचा (सुरुवातीला मिंट की विंडोज ते विचारणारा बूटलोडर) मेनू काही येत नाही, लॅपटॉप सरळ विंडोज उघडतो.

मिंटचा पेन ड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच (लॅपटॉप सुरू करायची नवी पद्धत, जुनी ती लेगसी) चालू झालाय, ते लाइव्ह सेशनमध्ये (पेन ड्राइव्हवरूनच चालणारं मिंट) तपासलं. एफिबूटएमजीआर (बूटच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवलं की 'उबुंटू' ही नोंद दिसते (मिंट त्याच नावाने नोंदवतं, त्यात गोंधळ नाही). ती क्रमात पहिली ठेवली, तरी रीस्टार्टनंतर नोंदच गायब! सिक्युअर बूट आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप, दोन्ही बंद आहेत. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठी एसएसडी निवडली होती, तरी ग्रब जाऊन बसलंय हार्ड डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडरच्या फाइली ठेवायचा छोटा भाग). एसएसडीवरचं ईएफआय पार्टिशन रिकामं पडलंय.

बूट रिपेअर (बूट आपोआप दुरुस्त करणारा प्रोग्राम) नको वाटतं. त्यात विंडोजच्या फाइलचं नाव बदलणारा एक पर्याय आहे. शिवाय आम्ही देवगडपासून बरेच आत, रेंज फक्त अंगणाच्या कडेला, त्यात पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. नेट न लागता जमेल असा उपाय हवाय.

प्रतिसाद १
लेगसी मोड करून परत टाका, झटपट काम.

प्रतिसाद २
लेगसी अजिबात करू नका, यूईएफआयमधलं विंडोज त्यात उघडणार नाही आणि काका तुम्हालाच धरतील.

इन्स्टॉलर पहिल्या डिस्कचं ईएफआय पार्टिशन पकडतो, हे जुनं दुखणं आहे. आणि काही लॅपटॉपचं फर्मवेअर (लॅपटॉपमधलाच, सिस्टिमच्या आधी चालणारा प्रोग्राम) अनोळखी नोंदी पुसून टाकतं. तेव्हा नोंदीच्या नादी लागूच नका. लाइव्हमधून मिंटचं रूट पार्टिशन (जिथे मिंट टाकलंय ते) माउंट करा, म्हणजे जोडा, त्याच्या बूट-ईएफआय फोल्डरवर एसएसडीचं ईएफआय पार्टिशन माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर बाइंड करून सीएचरूट करा, म्हणजे पुढच्या कमांड एसएसडीवरच्या मिंटमध्ये चालतील. मग ग्रब-इन्स्टॉल चालवताना 'रिमूव्हेबल' पर्याय द्या. त्याने ग्रब ईएफआय-बूट फोल्डरमध्ये बूटएक्स६४ ह्या नावाने बसतं. पेन ड्राइव्हवर फर्मवेअर हीच फाइल शोधतं, त्यामुळे नोंद लागत नाही. शेवटी अपडेट-ग्रब चालवा, ते मेनूची यादी नव्याने बनवतं. पॅकेज आधीच सिस्टिममध्ये आहे, नेट लागणार नाही.

एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) मात्र विसरू नका. तिथे हार्ड डिस्कच्या ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) असेल, तो बदलून एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनचा घाला. नाहीतर पुढचे ग्रबचे अपडेट भलतीकडेच जातील.

धागाकर्ता
झालं दादा! बूट मेनूत आता एसएसडी वेगळी दिसते, ती वर घेतली आणि ग्रब आलं, यादीत विंडोजही आहे. एफएसटॅबमध्ये खरंच हार्ड डिस्कचाच यूयूआयडी होता, तो बदलला. हार्ड डिस्कवरचं 'उबुंटू' फोल्डर पुसून टाकलं तर चालेल, की राहू दे?

प्रतिसाद २
राहू दे, काही एमबीच आहे. त्याच पार्टिशनमध्ये विंडोजच्या फाइली आहेत, उगाच हात लावू नका.