मदत हवी आहे: मुंबई–गोवा विमानाने नक्की किती अंतर, किती वेळ?

ठाणेकरीण: एक साइट ४२५ किमी दाखवते, दुसरी ३९०. तिकिटावर सव्वा तास, मैत्रीण म्हणते पाऊण तासात उतरलो. खरं काय? आईला घेऊन जायचंय. लवकर सांगा, भाडं चढत चाललंय.

दर्यावर्दी: गोव्यात विमानतळ दोन आहेत. दाबोळी की मोपा? उतरल्यावर जायचं कुठे?

ठाणेकरीण: गोव्याला! अंतराचं विचारलंय, त्यात एवढं काय? तिकिटावर जीओएक्स आहे.

दर्यावर्दी: जीओएक्स म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यात. दाबोळी जीओआय. मोपा उत्तरेला, म्हणून हवाई अंतर ३९०च्या आसपास; दाबोळी ४२५. दोन्ही साइट बरोबर आहेत. मुक्कामाचं गाव सांगा, खरा फरक तिथे पडतो.

रुळावरून: विमान कशाला? वंदे भारत पहाटे ५:२५ला सीएसएमटीहून निघते, ठाण्याला थांबते, दुपारी एकच्या सुमारास मडगाव. शुक्रवारी नसते आणि पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं, तेवढं बघा. घर ते घर हिशोब केलात तर विमानाने फार वेळ वाचत नाही.

ठाणेकरीण: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सात-आठ तास बसवणार नाही तिला. लग्न मडगावला आहे, शनिवारी गोरज मुहूर्त. त्याच दिवशी निघायचंय.

दर्यावर्दी: हे आधी सांगायचं ना! मग दाबोळीच घ्या. तिथून मडगाव पंचवीसेक किमी, मोपाहून साठ-सत्तर. हवेत वाचलेली पाच मिनिटं रस्त्यावर तासाने फेडाल.

पेडण्याचा: मोपाला उगीच नावं ठेवू नका. ५ जानेवारी २०२३पासून विमानं उतरतायत, जागा ऐसपैस आहे, मडगावला कदंबची बस मिळते. नवा झुआरी पूल झाल्यापासून दक्षिणेत जाणंही सोपं झालंय.

दर्यावर्दी: बस मिळते हो, पण गुडघा दुखणाऱ्या बाईला बसमध्ये चढवायचं? आणि शनिवारी दुपारी मोपाहून येताना वाटेत पर्वरीला अडकलात की मुहूर्त गाडीतच लागेल.

कुडाळकर: सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचाही विचार करा. मालवण, वेंगुर्ला तिथून जवळ.

पेडण्याचा: त्यांना मडगावला जायचंय हो.

धावपट्टी: वेळेचं राहूनच गेलं. तिकिटावरचा सव्वा तास म्हणजे विमान इथे जागेवरून हलल्यापासून तिथे जागेवर थांबेपर्यंत. हवेत पाऊण तास, थोडं इकडे-तिकडे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि विमानं रांगेत उभी राहतात. ती रांगही त्या सव्वा तासात धरलेली असते. आईंना बेल्ट लावून बसावं लागेल ते सव्वा तासच धरा. आणि तिकिटावर मुंबई की नवी मुंबई, तेही बघा. ठाण्याहून दोन्ही रस्ते वेगळे.

ठाणेकरीण: मुंबईच आहे, बघितलं. दाबोळीचं दुपारी दीडला पोचणारं मिळतंय, आठशे रुपये जास्त. चालेल?

दर्यावर्दी: चालेल. त्याच्या नंतरचं मात्र नको, उशीर झाला तर हाताशी वेळ उरणार नाही. दाबोळी नौदलाचा तळ आहे, आत फोटो काढू नका.

धावपट्टी: बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागा, वेगळे पैसे पडत नाहीत. गुडघा दुमडत नसेल तर पहिल्या रांगेतली किंवा मधल्या वाटेकडेची सीट घ्या. आपत्कालीन दाराजवळची देणार नाहीत.