स्वातंत्र्यवाद: धुराला मर्यादा कोण घालणार?

प्रश्न: स्वातंत्र्यवादाप्रमाणे व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर ‘दुसऱ्याला इजा नको’ एवढीच मर्यादा मानली, तर कारखान्याच्या धुराचं काय? थोडाफार त्रास प्रत्येकालाच होतो.

उत्तर १: आधी इजा आणि हक्कभंग वेगळे करा. शेजारी स्वस्त विकतो म्हणून तुमचं गिऱ्हाईक तुटलं, तर नुकसान झालं, हक्क मोडला नाही. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलची १८५९ची कसोटी इजेची. स्वातंत्र्यवादी तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक (१९७४) मात्र शरीर, मालमत्ता, करार यांवरच्या हक्कांपासून सुरुवात करतो. बहुतेक वाद इथेच भरकटतात.

उत्तर २: धुराबाबत नॉझिक कारखान्याला भरपाई देऊन इतरांना धोका असलेलं काम करू देतो. स्वातंत्र्यवादी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड (१९८२) मात्र फिर्यादीकडून प्रत्यक्ष नुकसान आणि कार्यकारणभाव, दोन्हींचा निःसंशय पुरावा मागतो. हजार धुराडी असतील तर दोषी कोण, हे कसं ठरवणार? मला हीच खरी अडचण वाटते.

उत्तर ३: आणि ज्यात दुसऱ्याला इजाच नाही, असं स्वतःला गुलाम म्हणून विकणं? मिल नाकारतो, नॉझिक मान्य करतो.