मदत हवी आहे: बर्फ आणि फरशी, दोन्हीवर चालतील असे बूट

गाडी नाही, घ्यायचीही नाही. रोज पहाटे अंधारात चालत बसस्टॉप, मग मेट्रो. ताज्या बर्फाचं काही वाटत नाही. खरी भीती दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या पारदर्शक थराची. तो दिसतच नाही, आणि उणे १० अंश सेल्सियसच्या खाली बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठही फारसं काम करत नाही. साधे रबरी सोल थंडीत कडक होऊन घसरतात. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे वापरून पाहिले. बर्फावर उत्तम पकड, पण स्टेशनच्या फरशीवर तेच घसरतात, आणि गुडघेदुखीमुळे दर वेळी वाकून काढ-घाल जमत नाही. सायकल शक्य नाही, रोजची टॅक्सी परवडत नाही.

खिळ्यांशिवायचे, थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे बूट अशा गोठलेल्या थरावर कुणी रोज वापरलेत का? पकड एक हिवाळा तरी टिकते का?